बोस्फोरसची किल्ली अंकाराकडे

महोदय,

युक्रेन युद्धाच्या बातम्यांत तुर्कस्तानला ‘मध्यस्थ’ म्हणून उरकले जाते. त्याचे खरे बळ १९३६ च्या माँत्रो करारात आहे. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवरील बोस्फोरस ही तुर्कस्तानातील सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर. तिथून कोणती युद्धनौका जाईल, हे हा करार ठरवतो. काळ्या समुद्राकाठच्या देशांनी ८ दिवस आधी सूचना द्यायची. बाहेरच्या देशांच्या युद्धनौकांना आत २१ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, शिवाय त्यांच्या एकूण वजनावरही (टनांत) मर्यादा.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तुर्कस्तानने या कराराचे कलम १९ लावून लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांची वाट अडवली. सूट फक्त मूळ तळावर परतणाऱ्यांना. म्हणूनच एप्रिलमध्ये रशियाची युद्धनौका ‘मोस्क्वा’ काळ्या समुद्रात बुडाल्यावर त्याच वर्गातील ‘मार्शल उस्तिनोव’ आणि ‘वार्याग’ भूमध्य समुद्रात असूनही रशियाला त्या आत आणता आल्या नाहीत. मात्र नाटोच्या युद्धनौकाही बाहेरच राहिल्या, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

१९५२ पासून नाटोत असलेल्या याच देशाने स्वीडनच्या प्रवेशाला जानेवारी २०२४ पर्यंत मंजुरी दिली नाही. रशियाकडून ‘एस-४००’ ही हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणा घेतल्याबद्दल मात्र त्याला २०१९ मध्ये अमेरिकेच्या ‘एफ-३५’ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर पडावे लागले.