नुसती फळी तिरकी लावून रॅम्प होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या पुरवणीत स्केटबोर्डचा रॅम्प घरी करण्याची कृती वाचली. ठोकळ्यांवर फळी तिरकी टेकवा आणि खिळे ठोका, एवढीच ती आहे. असा रॅम्प मुलांना पाडणारच. जमीन आणि फळी जिथे मिळतात तिथल्या कोनात पुढची चाके अडतात. बोर्ड थांबतो, मूल थांबत नाही. चढ जमिनीतूनच गोलाई घेत वर यायला हवा.

नवशिक्यांसाठी ६० सेंमी उंची आणि १८० सेंमी त्रिज्या हे माप चांगले. गोलाई जमिनीवर १३४ सेंमी पसरते आणि माथ्याशी चढ ४८ अंशांचा होतो. जागा वाचवायला त्रिज्या १२० केली, तर तोच चढ ६० अंशांवर जातो. गोलाई दोरीने आखू नये, दोरी ताणली जाते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि बरोबर १८० सेंमीवर पेन्सिलीपुरते भोक, हा कंपास पुरतो. १८ मिमी जाडीच्या ८ × ४ फुटी एकाच प्लायमधून, माथ्यावरच्या ५० सेंमी सपाट फलाटासकट, रॅम्पच्या दोन्ही उभ्या बाजू निघतात. पहिली कापून, घासून तिच्यावरूनच दुसरी आखावी.

दोन बाजूंमध्ये ४ × ९ सेंमीचे आडवे वासे येतात. सगळ्यांची लांबी नेमकी ११८.४ सेंमी, म्हणजे बाजूंची जाडी धरून रुंदी प्लायइतकी, १२२ सेंमी भरते. अंतर २० सेंमीच. ३० केले की प्लाय मध्ये दबतो आणि चाकाखाली लाटा जाणवतात. खरी अडचण पायथ्याशी. टोकापासून ३८ सेंमीवर गोलाई जेमतेम ४ सेंमी उंच असते, त्यामुळे तिथला वासा रुंद बाजूवर झोपवावा. ९ सेंमीची बाजू उभी ठेवलेला वासा ५६ सेंमीच्या पुढेच मावतो. ३८ सेंमीच्या आधीच्या चिंचोळ्या भागात उंचीप्रमाणे तासलेल्या रीपा घालाव्यात. ही जागा पोकळ सोडली, तर प्लाय सर्वांत आधी तिथेच फुटतो. दोन्ही कर्ण मोजून सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे ना ते पाहावे आणि मागे तिरकी पट्टी मारावी.

चाके फिरतात तो वरचा थर १८ मिमीच्या एका प्लायचा नको, तो या गोलाईला नीट वळत नाही. ९ मिमीचे दोन थर घ्यावेत. वरच्या पापुद्र्याच्या रेषा रॅम्पच्या रुंदीच्या दिशेने ठेवल्या की प्लाय सहज वाकतो. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत, प्रत्येक सांधा मात्र वाशावरच हवा. खिळे मुळीच नकोत, धक्क्यांनी ते वर येतात. वासे ७५ मिमीच्या आणि वरचा थर ४० मिमीच्या स्क्रूने आवळावा. डोके जेमतेम बुडावे. जास्त घुसले की पापुद्रा फाटतो आणि तिथूनच पाणी शिरते.

माथ्याच्या कडेला सुमारे ६० मिमी बाह्यव्यासाचा लोखंडी पाइप बसवतात. तो फलाटाच्या वर आणि चढाच्या पुढे ६ ते १० मिमी डोकवावा. त्याहून जास्त आला तर खाली उतरताना मागची चाके अडकतात. पाइपसाठी खाच कापण्याआधी दोन्ही थरांचे तुकडे जागेवर ठेवून पाइप बसतो का ते पाहावे. पायथ्याला जमिनीपर्यंत पोचणारा २ ते ३ मिमी जाड पत्रा लावावा आणि त्याच्या कडा कानशीने मोडाव्यात.

प्लाय वॉटरप्रूफच घ्यावा. पाणी कापलेल्या कडांमधून शिरते, म्हणून तिथे रंगाचे दोन हात जास्त द्यावेत. चालीच्या पृष्ठभागावर चकचकीत वॉर्निश मात्र नको, चाके घसरतात. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.

आपला,
सुतारकामातला एक वाचक