डॉक्टरसाहेब, ह्यांचा हात वर जातो

मा. डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

डिस्चार्जच्या दिवशी तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दोन उंबरे झिजवले. ह्यांच्या जिभेवरची कॅन्सरची गाठ काढायची यावर दोघांचं एकमत. कॅन्सर मानेतल्या लसिका गाठींत उतरला असेल तर, म्हणून मानेचं विचारलं, तर पहिले म्हणाले, "हाताला काही लागत नाही, गाठ आली तर बघू." दुसरे म्हणाले, "सगळी मान साफ करून टाकू," आणि बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला. का, कशी, एक अक्षर नाही. फी मात्र दोघांनी आधी घेतली.

तुम्ही टेबलामागून उठून आलात. ह्यांचा उजवा हात धरून वर नेलात आणि विचारलंत, "काम काय करता?" वायरमन म्हटल्यावर फाइलवर लाल पेनाने लिहिलंत: वायरमन, उजवा हात. मग त्यांच्याच मानेवर बोट फिरवत सांगितलंत, खांदा उचलणारी नस इथून जाते. पूर्वी गाठींबरोबर स्नायू, शीर, नस सगळंच काढायचे. आता गरज नसेल तर नाही. ह्यांच्यासारख्या सुरुवातीच्या कॅन्सरला जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या गाठी काढल्या की बहुधा भागतं.

"आणि थांबलो तर?" मी विचारलं. परळच्या टाटा हॉस्पिटलने नेमकं हेच 500 रुग्णांमध्ये तपासलंय, 2015 साली ते छापून आलं, हे तुमच्याकडूनच कळलं. गाठ लागत नसतानाच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांपैकी 67.5.

ह्यांच्या रिपोर्टमध्ये हाताला न लागणाऱ्या एका गाठीत कॅन्सर निघालाच. 'आली तर बघू'वाल्यांच्या टेबलावर तो कागद नेऊन आपटावा असं फार वाटलं. ह्यांनी अडवलं.

तरी रिपोर्टपेक्षा मला ते लाल अक्षरातलं 'वायरमन'च आठवतं. हुशार डॉक्टर ढीगभर असतील, पण समोरच्याचं पोट कशावर चालतं हे विचारणारा विरळाच. तुमच्या वॉर्डातल्या मावशीही तशाच. मी जेवले का, हे रोज विचारणाऱ्या त्या एकट्या.

खांदा अजून आखडतो, फिजिओच्या ताईंनी दिलेला व्यायाम करताना हे कुरकुरतात, पण हात डोक्याच्या वर जातो. तुमच्या ओपीडीबाहेरची ट्यूब सारखी फडफडते, ते ह्यांना बघवत नाही. पुढच्या तपासणीला पक्कड आणि टेस्टर घेऊन येणार आहेत. गेटवरच्या सिक्युरिटीला तेवढं सांगून ठेवा.

आपली,
वायरमनची बायको