रविवारच्या मिटिंगआधी

प्रिय ठमे,

आठ महिने झाले तुला नीट लिहून. मधे गुड मॉर्निंगची फुलं पाठवत होते ते काही बोलणं नव्हे, मला कळतं ते, राग धरू नकोस. गुडघा बरा आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्यांना लांबचं दिसतं त्यामुळे लांबूनच कामं सांगतात. झालं, तब्येतीचं संपलं.

आज बसले ते कालच्या गोष्टीपायी. ह्यांना सांगितलं, लेकीला सांगितलं, दोघांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं मग? तू तसं म्हणणार नाहीस.

माजी विद्यार्थी संघात मदत निधीचं काम माझ्याकडे आलंय ते तुला माहितीये, तूच जा म्हणालीस. यंदा अकरा मुलांना देतोय, मेळाव्यात स्टेजवर बोलावून, फोटो काढून. मेसचं बिल, हॉस्टेलचं डिपॉझिट, दोघांच्या प्रोजेक्टची केमिकल्स. सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरनं येते पण ती येईल तेव्हा येईल, मेसवाला तोवर थांबत नाही, हे तुला मला कुणी शिकवायला नको. तर काल अर्जवाल्या मुलांना भेटायला बोलावलं होतं. त्यात एक मुलगी परभणीकडची, एमएस्सीचं पहिलं वर्ष, ऑरगॅनिक केमिस्ट्री. सगळं बोलून झालं, सही केली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "मॅडम, मी स्टेजवर नाही आले तर चालेल का?" मी म्हटलं का गं. तर म्हणे, "फोटो आमच्या गावाच्या ग्रुपवर जातो." बास, एवढंच. रडली नाही की आवाज कापला नाही, फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा असं विचारावं तसं विचारलं तिने.

आणि मी म्हणाले, "बघते."

ठमे, ती गेली आणि माझ्या डोळ्यांपुढे आपला हॉस्टेलचा जिना. १९९५. स्टेजवर जायचं म्हणून माझा मोरपिशी ड्रेस तू घातलेला, बाह्या लांब होत होत्या म्हणून आतून दोन टाके मी घातलेले. आणि मग पेपरात तो फोटो, खाली 'गरीब व होतकरू विद्यार्थिनी'. तुझ्या अण्णांनी स्टँडवरच्या हॉटेलातनं तो पेपर मागून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला, कुणी बघू नये म्हणून. हे तू मला जिन्यात बसून सांगत होतीस आणि मी म्हणाले होते, "अगं पैसे मिळाले ना, मग फोटोचं काय एवढं घेऊन बसलीस." दीड महिना बोलली नाहीस तू माझ्याशी. एकाच खोलीत! मेसच्या आमटीत डाळीचा दाणा सापडला तर वाजतगाजत मिरवणूक काढणाऱ्या आपण, त्या दीड महिन्यात समोरासमोर बसून गप गिळत होतो. मग जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री तू काही न बोलता माझे ग्राफ काढायला बसलीस आणि सगळं पूर्ववत झालं, पण त्या विषयावर आपण परत बोललोच नाही. मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं की तू जरा जास्तच केलंस. तसं नव्हतं गं. माझं चुकलं होतं. हे फोनवर बोलायला जमलं नसतं म्हणून लिहितेय.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील एकांगी लिहितेस. स्टेजचा आग्रह धरणारे संघाचे खजिनदार सर मनाचे मोठे आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या बॅचच्या लांबूला ऑक्सिजन बेड मिळत नव्हता, तेव्हा रात्री दोनला ह्याच माणसाने संघाच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि पहाटे कुणा ज्युनिअरच्या मेव्हण्याच्या ओळखीने बेड मिळाला. लांबू आज नातवाचे फोटो टाकतोय तो त्यामुळे. मुलांना कुरकुंभ, तारापूर, अंकलेश्वरच्या केमिकल कंपन्यांत इंटरव्ह्यू मिळवून द्यायचे, एचपीएलसी, ते नमुने तपासायचं मशीन, कधी हाताने चालवलेलं नाही अशा पोरांना एखाद्या सीनिअरच्या लॅबमध्ये पंधरा दिवस उभं करायचं, बाहेरगावी असलेल्यांचे ट्रान्सक्रिप्ट ऑफिसमधून काढून द्यायचे, हे सगळं तेच बघतात, पगार नाही न काही नाही. आपल्या वेळी असं कुणी असतं तर मी वर्षभर घरी बसले नसते.

त्यांचं म्हणणं असं की चेहरा दिसल्याशिवाय लोक देत नाहीत. शिवाय कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाईलला माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा असतो, ५.४, त्यामुळे डिपार्टमेंटला प्रत्येक कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो हवेच असतात. आणि मिटिंगमध्ये दरवेळी कुणीतरी आयआयटी बॉम्बेचं उदाहरण काढतं, की बघा १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये ५७ कोटी दिले आणि एकट्या नंदन नीलेकणींनी ३१५ कोटी. अहो द्या ना उदाहरण, पण ते पैसे देणाऱ्यांचे फोटो होते! घेणाऱ्याला कुणी हारतुरे घालून उभं केलं नव्हतं. देणाऱ्याचा सत्कार करा, स्टेजवर त्याला बोलवा, मी स्वतः नारळ घेऊन उभी राहते. मुलांचे पैसे सरळ मेसच्या खात्यात जाऊ देत आणि देणाऱ्याला मुलाने नाव न घालता एक पत्र लिहू दे, मी काय शिकतोय, पुढे काय करायचंय. जिओटॅग काय, सभागृहाचा पण निघतो.

हे मी रविवारी मांडणार आहे. पण नुसतं असं मांडलं तर हरणार, मला माणसं माहितीयेत. 'भावनिक होऊ नका मॅडम' म्हणतील.

म्हणून आता खरी गोष्ट. सर मिटिंगमध्ये नेहमी एका देणगीचं कौतुक करतात. दरवर्षी जूनमध्ये अमेरिकेतून यायची, नाव छापू नका म्हणून चिठ्ठी असायची, वीस वर्षांत एकदा खंड नाही. 'असे माजी विद्यार्थी पाहिजेत,' म्हणतात. मी खाली मान घालून बसते. आणि ही बाई एकाही मेळाव्याला का आली नाही, हे त्यांना माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं! मी तुला तिकिटं महाग, सुट्टी नाही, यावरून किती बोललेय, रौप्यमहोत्सवाला आली नाहीस तर फोन आपटला होता. काल त्या मुलीने विचारलं तेव्हा मला कळलं, तू त्या स्टेजला पाय लावायला तयार नाहीस. बरोबर आहे ना? चुकत असेन तर सांग.

यंदा तुझे पैसे परत आले त्याचं तू मनाला लावून घेतलंस, 'मी परकी झाले का' असं लिहिलं होतंस आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. अगं तो कायदा आहे. तुझ्याकडे आपला पासपोर्ट होता तोवर तू तिकडनं बँकेतून पाठवलेलं बचतीचं देशीच धरत होते. गेल्या वर्षी तू तिकडचं नागरिकत्व घेतलंस, आता ते विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, त्याला संघाची एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या त्या एका शाखेत खातं लागतं, आपल्या संघाकडे ते काही नाही. सर स्वतः हळहळले, कोण आहे ते माहीत नसताना. हे मी तुला जूनमध्येच लिहायला हवं होतं.

तर विचारायचं ते असं. रविवारी मी हे सांगू का? नाव नाही घेणार, गाव नाही, बॅचसुद्धा नाही. एवढंच, की जिचं तुम्ही कौतुक करता तिला एकदा इथल्याच स्टेजवर उभं केलं होतं आणि त्यानंतर ती इथे कधी आली नाही. पेपरची घडी मी सांगणार नाही, ती अण्णांची आहे. तू नको म्हणालीस तर नको, मी दुसरं काहीतरी बोलेन, पण या वेळी तुला न विचारता मी तुझ्याबद्दल काही ठरवणार नाही.

पोराचं कॉलेज सुरू झालं का? बेसमेंटमधलं पाणी निघालं? नव्या मॅनेजरचं पुढे काय झालं ते सविस्तर लिही, मला आवडतं त्याच्याबद्दल वाचायला. कुळथाचं पीठ पाठवलंय लांबूच्या भाचीबरोबर, तिला फोन कर, ती लाजते.

मिटिंग रविवारी अकराला आहे. तुझ्याकडे तेव्हा शनिवारची मध्यरात्र होईल, म्हणजे शुक्रवारी रात्रीच सांगून टाक. नुसतं हो किंवा नको पाठवलंस तरी चालेल. त्या मुलीला मात्र मी आजच फोन केला, स्टेजवर यायचं नाही म्हणून सांगितलं. बाकीच्या दहा जणांचं व्हायचंय.

तुझीच,
रूम नंबर १४, खिडकीकडची खाट