तुझी लेक उन्हाळाभर रिकामी बसली

लबक, टेक्सास
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथं सकाळ आहे, म्हणजे अमळनेरला रात्र चढली असणार आणि घरात कानबाईचा जागर चालू असणार. आज मुद्दाम फोन लावत नाही. कामाच्या गर्दीत वहिनी फोन हातात धरून "हे बघा ताई, ते बघा ताई" करत घरभर फिरते आणि मला निम्मा वेळ छताचा पंखा दिसतो. उद्या विसर्जन झालं, पाहुणे पांगले की दादाला हे पत्र छापून द्यायला सांग. अक्षर मोठं काढायला सांग, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणून आठ दिवस तसंच पडून राहील.

मागच्या फोनला तू विचारलंस, "दिवसभर काय करी राह्यनी वं?" मी म्हटलं, काही नाही. त्यावर तू नुसतं "हं" म्हणालीस. तुझं ते "हं" मी लहानपणापासून ओळखते. म्हणून नीट सांगते: काही नाही म्हणजे खरंच काही नाही. जूनपासून आजपर्यंत तुझी लेक रिकामी बसली, आणि फार मजेत बसली.

आधी पैशाचं सांगते, कारण आप्पा तेच पहिल्यांदा विचारतील. इथं शिक्षकाचा करार वर्षाला १८७ दिवसांचा असतो. पगार तेवढ्याच दिवसांचा, फक्त तो बारा महिन्यांत वाटून देतात, म्हणून सुट्टीतही खात्यात जमा होतो. "मास्तरांना घरबसल्या पगार" हा आपल्या गल्लीतला आवडता टोमणा इथं कुणाला मारता येत नाही. उलट माझ्याबरोबरचे कितीतरी जण सुट्टीत दुसरं काम धरतात. विज्ञानाचे सर लोकांची घरं रंगवतात. इंग्रजीच्या एक बाई आइस्क्रीमच्या दुकानात उभ्या राहतात, त्यांच्याच वर्गातली पोरं गिऱ्हाईक म्हणून येतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडं कुणी बाई अशी उभी राहिली असती तर केंद्रप्रमुखांपर्यंत बातमी गेली असती.

मला मात्र बाहेर काम करायची मुभाच नाही. माझा जे-१ व्हिसा शिक्षकांच्या देवाणघेवाणीचा. ज्या शाळेसाठी आले तिथंच शिकवायचं, बाकी कुठं एक डॉलर कमवायचा नाही. शाळेनं स्वतःहून उन्हाळी वर्गाला विचारलं होतं, तेवढं परवानगी काढून चाललं असतं. मी नको म्हटलं. ह्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला, रुपयात करून दाखवला. मी म्हटलं, हा व्हिसा तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन वाढतील, मग यायचंच आहे परत. तेवढ्यात एक उन्हाळा तरी माझा मला मिळू दे. ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. अजून जपून ठेवलाय, भांडणात काढतील.

आता तू तुझा उन्हाळा आठव. १ मेला झेंडावंदन, निकाल वाटायचे, आणि २ तारखेच्या पहाटे तू गच्चीवर. कुरडयांचा चीक ऊन चढायच्या आत शिजला पाहिजे म्हणून चारला उठायचं. मग ज्वारीचे बिबडे, मग उडदाचे पापड, मग शेवया. बिबडे थापायला आप्पांचं जुनं धोतर ओलं करून अंथरायचं आणि आम्ही पोरींनी कावळे हाकायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्यावर, आणि तू चुलीपाशी सांजोऱ्या तळतेय. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, म्हणजे एकादशीच्या रथापासून पौर्णिमेच्या पालखीपर्यंत बोरी नदीच्या पात्रात जत्रा आणि आपल्या ओसरीवर पाहुणे. त्यातच लग्नं. २०१० च्या उन्हाळ्यात तर जनगणनेच्या घरयादीचं काम लागलं होतं. डोक्यावर ओला पंचा घेऊन तू दारोदार फिरलीस आणि संध्याकाळी येऊन पोळ्या लाटल्यास. वहिनीचंही काय वेगळं? गेल्या वर्षी १३ मेला मतदान, ती केंद्रावर, यंदा १६ जूनला शाळा भरली तेव्हा मला फोनवर म्हणाली, "ताई, सुट्टी कधी आली होती ते तुम्हीच सांगा."

मी अमळनेरला शिकवत होते तेव्हा माझंही तेच होतं, फक्त गच्ची सासरची. मे महिन्यात तुला नुसती बसलेली मी कधी पाहिलीच नाही, आई. त्यामुळं शाळेच्या बाईनं सुट्टीत करायचं काय असतं हे मला कुणाकडं बघून शिकताच आलं नाही. जूनचा पहिला आठवडा मी चक्क कपाटं आवरण्यात घालवला. मग कपाटं संपली. अडीच खोल्यांचं घर, किती आवरणार?

मग हळूहळू बसायला जमलं. सकाळी आठपर्यंत झोपायचं. हो, आठ. मुलं त्यांची उठतात, दूध-पोहे त्यांचे ते घेतात. धाकट्याला आता मायक्रोवेव्ह कळतो. दहाला सार्वजनिक वाचनालयात. तिथं उन्हाळ्यात मुलांसाठी वाचनाची योजना असते, वाचलेलं नोंदवायचं आणि त्यावर छोटी बक्षिसं मिळतात. मोठी लेक बक्षिसासाठी वाचत नाही, धाकटा फक्त बक्षिसासाठी वाचतो. दोघंही वाचतात, मला चालतं. बाहेर पारा ३८ वर गेला की इथले लोक घाबऱ्या घाबऱ्या सूचना देतात, पाणी प्या, सावलीत बसा. मी म्हणते, आमच्या भुसावळला ४५ ला वरात निघते, बँडवाल्यांसकट. पण खरं सांगू, इथं रात्र गार होते. आपल्यासारखी मध्यरात्रीसुद्धा भिंत तापलेली नसते. आणि जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री नऊला. जेवण झाल्यावरही उजेड शिल्लक, मुलं सायकली घेऊन बाहेर, आणि मी पायरीवर हातात काहीही न घेता बसलेली. निवडायला भाजीसुद्धा नाही.

वर्षभर शाळेतून घरी येते तेव्हा माझा घसा बसलेला असतो. सातवीचे पाच वर्ग, तेच अपूर्णांक पाच वेळा. घरी आल्यावर मी खुणांनीच बोलते म्हण ना. या सुट्टीत मुलांना बोलकी आई मिळाली. रात्री अंधार करून मी त्यांना तुझ्या गोष्टी सांगितल्या. तू भर वर्गात साप निघाल्यावर पोरांना बाकांवर उभं करून पाढे म्हणायला लावलेस, ती गोष्ट धाकट्याला रोज हवी. त्याच्या गोष्टीत साप आता अजगर झालाय. तू फोनवर त्याला खरं काय ते सांगू नकोस.

एकच मोठी सहल केली. न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडच्या गुहा आहेत, आमच्याइथून तीन तासांवर. लिफ्टनं जमिनीखाली सव्वादोनशे मीटरच्या वर उतरायचं. बाहेर अंग भाजत होतं आणि आत जेमतेम तेरा अंश, बारा महिने तेवढेच. मोठीनं अजिंठा पाहिलेला, म्हणून तिनं पहिला प्रश्न विचारला, "कोणी कोरल्या?" कुणीच नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. छतापासून लोंबणारे चुनखडीचे खांब, खालून वर चढणारे खांब, आणि इतकी मोठी दालनं की आपलं अख्खं वाडीचं मंदिर आत मावेल. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी दगडी पायऱ्यांवर सगळ्यांना बसवतात. मोबाईल, कॅमेरा सगळं बंद करायला लावतात, वटवाघळांना त्रास होतो म्हणून. मग ती निघतात. लाखांनी. गोल गोल घिरट्या घेत वर चढतात आणि दूर शेतांकडं किडे खायला जातात. शंभरेक पोरं समोर बसलेली आणि कुणी हूं की चूं नाही. मी मास्तरीण ना, मला वटवाघळांपेक्षा त्या शांततेचंच जास्त नवल वाटलं.

भरीतही केलं, ऐक. इथल्या बागांमध्ये मांस भाजायला लोखंडी शेगड्या बसवलेल्या असतात, कुणीही कोळसा न्यावा आणि पेटवावी. एका रविवारी मी वांगी घेऊन गेले. आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं इथं कुठलं, जांभळंच घ्यावं लागलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळाची चव आली नाही, पण गॅसपेक्षा बरं. मिरची-लसूण ठेचून घातला, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तू दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाच्या शेवटच्या भाकरी. शेजारच्या झाडाखाली एक मेक्सिकन कुटुंब होतं. त्यांची आजी उठून आली, वास घेतला, आणि न विचारता बसली. तिखटाला जराही डगमगली नाही. जाताना मक्याच्या गरम रोट्या देऊन गेली.

हे आप्पांसाठी. लबकच्या चहूकडं कापूस आहे, बघावं तिथं कापूस. मेच्या मध्यापासून पेरतात, आता फुलावर आहे. झाड आपल्यापेक्षा ठेंगणं, गुडघ्याएवढं. एकेकाकडं हजार-दोन हजार एकर, आणि वेचणीला माणूस नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाड वाळलं की यंत्र ओळीवरून फिरतं आणि बोंडं ओरबाडून घेतं. पाणी जमिनीखालच्या ओगलाला नावाच्या साठ्यातलं. ते वर्षानुवर्षं खाली चाललंय, यावल-रावेरच्या बोअरवेलींसारखंच, आणि इथले शेतकरीही त्यावर तसेच बोलतात: बोलतात आणि उपसतात. भाव सध्या रुईला पाउंडामागं ६५ सेंटच्या आसपास. इथला शेतकरीही परवडत नाही म्हणूनच रडतो. आपल्याकडं लांब धाग्याला यंदा क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झालाय, तो प्रत्यक्ष हातात किती पडतो ते आप्पांनी दिवाळीनंतर कळवावं. आणि आई, इथं ज्वारीही मैलोन् मैल आहे, पण ती सगळी गुरांना घालतात. भाकरी करतात हे सांगितलं तर लोक माझ्याकडं दयेनं बघतात.

उद्यापासून मी शाळेत हजर. मुलं पुढच्या आठवड्यात येतील, त्याआधी आम्हा शिक्षकांच्या बैठका, प्रशिक्षणं आणि वर्ग सजवणं. वर्ग आपणच सजवायचा, खर्च बराचसा आपलाच. त्यातला ३०० डॉलरपर्यंतचा खर्च सरकार करपात्र उत्पन्नातून वजा करू देतं. येत्या शुक्रवार ते रविवार टेक्सासमध्ये वह्या, दप्तरं, कपडे, बूट यांवर विक्रीकर माफ आहे, शंभर डॉलरच्या आतल्या वस्तूंना. तेव्हा दुकानांत आपल्या पोळ्याच्या बाजारासारखी गर्दी उसळेल. मोठीला नवं दप्तर हवंय, जुनं चांगलं आहे. माझ्याकडं बघून ह्यांनी आधीच हो म्हणून टाकलंय.

दोन गोष्टींची मात्र मी वाट बघतेय. एक, टेक्सासनं यंदा नवा कायदा केला: शाळेच्या वेळेत मुलांना मोबाईल वापरायला बंदी. गेल्या वर्षी माझा निम्मा तास "तो खिशात ठेव" म्हणण्यात जायचा. दुसरी, शिक्षकांची पगारवाढ. अनुभवाची वर्षं आणि शाळांच्या जिल्ह्याचा आकार बघून ती देतात. पाच किंवा जास्त वर्षं झालेल्यांना मोठ्या जिल्ह्यांत ५,००० डॉलर, छोट्या जिल्ह्यांत ८,०००. माझा भारतातला अनुभव धरतात की नाही ते पहिल्या पगारपत्रकात कळेल. आप्पांना इतक्यात सांगू नकोस, ते लगेच गुणाकार करतील.

शाळा सुरू व्हायचं मला जड जात नाहीये, हेही सांगते. बसून कंटाळले असं नाही. पण काल नव्या वर्गाच्या मुलांची यादी आली आणि मी रात्री अकराला ती नावं मोठ्यानं म्हणून बघत होते. हे म्हणाले, झाली का सुट्टी संपून?

आता कामाचं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही येणार, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिकिटं मार्चमध्ये काढू. "बेबी आली की पापड करू, तोवर उडीद आणून ठेवते" असलं काही ठरवू नकोस. मी गच्चीवर चढणार नाही, वहिनीलाही चढू देणार नाही. तिच्या शाळेआधीचे शेवटचे दिवस आहेत ते. बिबडे-कुरडया बचत गटाच्या बायका करतात, पैसे मी देईन. तूही त्या पंधरा दिवसांत बसायचं. कुठं, कसं, ते मी दाखवीन, मला आता सवय आहे. तू "हं" म्हणशील, म्हण.

पलीकडच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा सप्टेंबरात डॅलसला येतोय म्हणे. डॅलस इथून पाच तास, पण तो पोस्टानं पाठवील. त्याच्याकडं कळण्याचं पीठ दोन किलो दे, मीठ आधीच टाकून दळ. काळा मसाला पाव किलो, पिशवी दुहेरी बांध, मागच्या वेळी त्याच्या शर्टांना वास लागला होता. आंब्याचं लोणचं नको, तेल गळतं.

आप्पांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावून घ्यायला सांग. दादा-वहिनीस नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
बेबी

ता. क. : धाकटा विचारतोय, साप किती हात लांब होता? उत्तर मोठं दे.