आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव

प्रिय सुहास,

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला : ‘कीबोर्ड मेला, उद्या लॅपटॉप उघडतोय.’ उद्या म्हणजे आज. हे पत्र वेळेत पोचलं असेल तर आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. तुझा कीबोर्ड ठणठणीत आहे. पैजेवर सांगतो, आणि पुरावा तूच दिला आहेस.

तूच लिहिलंस की जुन्या मॅकबुकवर व्हेंचुरा, म्हणजे मॅकओएसची २०२२ ची आवृत्ती, चढवायला बसलास. ओपनकोअरची, म्हणजे जुन्या मॅकवर नवी सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आली, बाणाच्या कळीने इन्स्टॉलर निवडला, एंटर मारलं. मग सफरचंद, त्याखाली सरकणारी पट्टी आणि भाषा निवडायचा पडदा. तिथे मात्र एकही कळ चालेना, ट्रॅकपॅडवर बोट घासून घासून कर्सर हलेना. आता मला सांग, जो कीबोर्ड पाच मिनिटांपूर्वी त्या यादीत मजेत वरखाली करत होता, तो तेवढ्यात मेला कसा? आणि नेमका त्याच क्षणी ट्रॅकपॅडही? दोघांनी ठरवून जीव दिला म्हणायचं का?

एक करून बघ. त्या पडद्यावर अडकलास की कॅप्स लॉक दाब. जरा दाबून धर, मॅकवर ती कळ हलक्या टिचकीला दाद देत नाही. दिवा लागणार नाही. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मर्जीने लावत नाही. कळ दाबल्याची बातमी आत जाते, ऑपरेटिंग सिस्टिम उलटा निरोप धाडते ‘लाव दिवा’, तेव्हा तो लागतो. दिवा लागत नाही म्हणजे कीबोर्ड बोलतोय आणि पलीकडे ऐकायला कुणी नाही.

यादीत ऐकणारा होता तो यंत्राचा फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यांत आधी जागा होणारा आतला प्रोग्रॅम. त्याच्याकडे कीबोर्डचा स्वतःचा साधासुधा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम) असतो, यादीतून निवड करण्यापुरता. एंटर मारलंस की तो सगळा कारभार नव्या सिस्टिमच्या हवाली करतो आणि बाजूला होतो. इथून पुढे कीबोर्ड ओळखायचा तो मॅकओएसने, आणि व्हेंचुराकडे तुझ्या यंत्रातल्या त्या जोडणीचा ड्रायव्हरच नाही.

मी हे आता शहाण्यासारखं लिहितोय, पण माझे दोन दिवस कसे गेले ते ऐक. माझंही तुझ्यासारखंच २००९ चं १३ इंची मॅकबुक प्रो, अधिकृतपणे एल कॅपिटान या जुन्या मॅकओएसवर थांबलेलं. त्यावर व्हेंचुरा चढवायला बसलो. आतला कीबोर्ड गप्प झाला तेव्हा मीही तुझ्यासारखाच त्याच्यावर उलटलो. बाहेरचा वायरवाला कीबोर्ड लावला. गप्प. दुसरा लावला. तोही गप्प. मग वायरलेसचं ते नखाएवढं रिसीव्हर खुपसलं, माउसचा खालचा लाल दिवा लागला, मी खूश. लाल दिवा माउसच्या आतल्या सेलची वीज मिळाली की लागतो, एवढंच. कर्सर जागचा हलला नाही. मग पोर्ट बदलून पाहिला, पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर नव्याने बनवला, एन्व्हीरॅम (सेटिंग्ज लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) साफ केला, इन्स्टॉलर पुन्हा उतरवून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा कार्यक्रम पूर्ण दोन दिवस चालला.

एक प्रश्न मला पहिल्याच तासात पडायला हवा होता : ज्या पोर्टमध्ये कीबोर्ड चालत नाही, त्याच पोर्टमधल्या पेनड्राइव्हवरून अख्खा इन्स्टॉलर कसा काय चालतोय? म्हणजे पोर्ट जिवंत, यूएसबी जिवंत, फक्त कीबोर्ड-माउसलाच बंदी. सगळी मेख इथे आहे.

जरा दमाने वाच, हा भाग मला फार आवडतो. २००० साली यूएसबी २.० आलं, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. पेनड्राइव्ह त्या वेगाने बोलतो. कीबोर्डला एवढी घाई कशाला? तो १.५ मेगाबिटवर सुखी असतो, फार तर १२ वर. हे १९९८ च्या यूएसबी १.१ चे वेग, आणि बहुतेक कीबोर्ड-माउस अजून तिथेच आहेत, अगदी काल पेटीतून काढलेलेसुद्धा. तुझ्या-माझ्या लॅपटॉपमध्ये एकेका पोर्टमागे दोन कंट्रोलर, म्हणजे पोर्टचा कारभार बघणारी सर्किटं, आहेत. वेगवान उपकरणांसाठी ईएचसीआय आणि सावकाश उपकरणांसाठी त्याचा जोडीदार, आपल्या यंत्रात ओएचसीआय. तू काहीतरी खुपसलंस की ईएचसीआय वेग विचारतो. ४८० म्हटलं तर स्वतः सांभाळतो, नाहीतर ‘हे माझं काम नाही’ म्हणून पोर्ट जोडीदाराच्या ताब्यात देतो. २०२२ च्या व्हेंचुरात या जोडीदाराचे ड्रायव्हर काढून टाकलेले आहेत. तेव्हा कीबोर्ड ज्याच्याकडे पाठवला जातो, त्याच्या खुर्चीवर कुणी नाही. ज्या मॅकसाठी व्हेंचुरा निघालं त्यातल्या एकातही ओएचसीआय नाही, त्यामुळे काढणाऱ्यालाही बोल लावता येत नाही. नको तिथे शिरलोय ते आपण.

आतला कीबोर्ड, ट्रॅकपॅड, ब्लूटूथ हे तिघंही आतून याच सावकाश यूएसबीवर जोडलेले. ब्लूटूथ कीबोर्ड आणायचा विचार मनात आला असेल तर तोही सोड.

आता उपाय. हसू नकोस. यूएसबी २.० चा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारी डबी, घे, तो लॅपटॉपला लाव आणि कीबोर्ड-माउस त्या हबमध्ये लाव. बस्स.

माझा विश्वास बसला नव्हता. मधे एक डबडं ठेवल्याने काय होणार? पण २.० च्या हबमध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. हब स्वतः लॅपटॉपशी ४८० च्या वेगाने बोलतो, म्हणून ईएचसीआय त्याला जोडीदाराकडे ढकलत नाही, स्वतःकडेच ठेवून घेतो. इकडे दुभाष्या कीबोर्डचं संथ बोलणं ऐकून घेतो आणि वेगवान तुकड्यांत पुढे पोचवतो. ओएचसीआयची गरजच पडत नाही. २०११ च्या मॅकना हा त्रास का नाही, याचंही उत्तर हेच. इंटेलच्या त्या चिपसेटमध्ये जोडीदार कंट्रोलर काढून असाच एक हब आतच बसवलेला आहे. आपण तोच बाहेरून लटकवायचा.

हब घेताना माझ्यासारखी चूक करू नकोस. मी ड्रॉवरच्या तळातून एक काढला, तो निघाला १.१ चा. तो स्वतःच सावकाश, म्हणून तोही रिकाम्या खुर्चीकडे रवाना. अर्धा दिवस पुन्हा पाण्यात. २.० किंवा ३.० असं स्पष्ट लिहिलेला हब बघ. ॲपलचा तो जुना वायरवाला ॲल्युमिनियम कीबोर्ड कुणाकडे पडून असेल तर फारच छान, कडेला दोन पोर्ट असलेला. त्याच्या पोटातच २.० चा हब आहे, तो थेट लावला तरी चालतो.

हब लावून चालू केलंस की कदाचित खिडकी उघडेल, ‘कीबोर्ड ओळखता येत नाही’ अशा अर्थाची. दचकू नकोस, ही चांगली बातमी आहे. कीबोर्ड सापडलाय, फक्त कुठल्या मांडणीचा ते सिस्टिमला विचारायचंय. डाव्या शिफ्टच्या लगेच उजवीकडची कळ दाब म्हणेल. झेड असेल तर झेड दाब आणि पुढे जा.

इन्स्टॉल होताना तीन-चारदा आपोआप रीस्टार्ट होईल, हब तसाच राहू दे. शेवटी डेस्कटॉप आला की ओपनकोअर लेगसी पॅचर (ओपनकोअर बसवून देणारा प्रोग्रॅम) उघडून रूट पॅच, म्हणजे थेट सिस्टिमच्या फायलींतली दुरुस्ती, मार. काढून टाकलेले यूएसबी १.१ चे ड्रायव्हर तो परत आणून बसवतो आणि पुढच्या रीस्टार्टला आतला कीबोर्ड बोलायला लागतो. आपल्या यंत्राचं वायफायही पॅच होईपर्यंत चालत नाही, तेव्हा लॅनची केबल हाताशी ठेव. या पॅचमुळे सिस्टिमचं सील, म्हणजे तिच्यात फेरफार झालेला नाही याची खूण, तुटतं, काही संरक्षण कमी होतं. बँकेची कामं मी त्या लॅपटॉपवर करत नाही. तुझं तू ठरव.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेव : मॅकओएसचं अपडेट आलं की पॅच पुसले जातात. कीबोर्ड पुन्हा गप्प. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड मागेल आणि तो टाइप करायला हातात काही नसेल. स्वयंचलित अपडेट आधी बंद कर.

एवढा खटाटोप नको असेल तर सरळ माँटेरी, म्हणजे व्हेंचुराच्या आधीची आवृत्ती, टाक. त्यात १.१ चे ड्रायव्हर शाबूत आहेत, हबची भानगडच नाही. खरं सांगायचं तर या वयाच्या यंत्राला तेच जास्त झेपतं. माझ्याकडे व्हेंचुरा चालतं, पण खिडक्या उघडताना त्याला धाप लागते. तरी मी परत गेलो नाही. दोन दिवस घातलेत, आता माघार कसली.

गंमत म्हणजे याच्या बरोबर उलटा प्रकार मी पूर्वी एकदा भोगलाय. एका नव्याकोऱ्या डेस्कटॉपवर कुणासाठी तरी विंडोज ७ टाकत होतो. बायोसमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या फर्मवेअरच्या पडद्यावर, कीबोर्ड चालतो, सेटअपमध्ये ठार बंद. तिथे यंत्र नवं आणि सिस्टिम जुनी : २०१५ पासूनच्या इंटेल चिपसेटमध्ये ईएचसीआय उरला नव्हता, सगळे पोर्ट एक्सएचसीआय या नव्या कंट्रोलरकडे, आणि विंडोज ७ च्या डिस्कवर त्याचा ड्रायव्हर नाही. मागे जांभळं गोल पीएस/२ सॉकेट होतं, जुना कीबोर्ड त्यात लावून सुटलो. तेव्हाही मी आधी कीबोर्डच बदलला होता. म्हणजे माझ्यात काही सुधारणा नाही.

तर हब मिळाला की लाव आणि भाषेच्या त्या पडद्यावर आधी कॅप्स लॉक दाब. दिवा लागला की फोटो पाठव. खालचे स्क्रू काढलेच असशील तर कुठला कुठला ते आठवून नीट लाव, मागच्या बाजूचे तीन बाकीच्यांपेक्षा लांब असतात.

तुझा,
अविनाश