गुणतक्त्यात सामना झाला नाही, गल्ल्यात मात्र झाला!

महोदय,

महिला विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना २६ ऑक्टोबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पावसात वाहून गेला. बांगलादेशचा डाव २७ षटकांचा झाला, भारत ८.४ षटकांत बिनबाद ५७ वर असताना खेळ थांबला तो थांबलाच. त्या स्पर्धेची तिकिटे शंभर रुपयांपासून होती आणि भारत उपांत्य फेरीत आधीच पोचला होता, त्यामुळे फारशी कुरकुर झाली नाही. हेच वानखेडेवर आयपीएलच्या सामन्यात झाले तर तिकिटाचे पैसे परत मिळतील का? २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे हजाराचे तिकीट चौदाशेला (आणि हजाराचे तिकीट ज्याच्या हाती लागते तो भाग्यवान).

आपल्याकडची रूढ अट अशी की, एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तर पैसे परत. एक चेंडू पडला की विषय संपला. १७ मे २०२५ रोजी बंगळूरु-कोलकाता सामन्याची नाणेफेकसुद्धा झाली नाही, म्हणून तिकीटधारकांना परतावा मिळाला. १७ डिसेंबर २०२५ रोजी लखनौत धुक्यामुळे भारत-दक्षिण आफ्रिका टी-२० सामना सुरूच झाला नाही, तिथेही परतावा जाहीर झाला. दोन्हीकडे जेमतेम एक षटक खेळवले गेले असते, तर प्रेक्षकाला एक पैसाही मागता आला नसता.

आता क्रिकेटचा स्वतःचा नियम पाहा. टी-२० सामन्याचा निकाल लागायला दोन्ही संघांना किमान पाच-पाच षटकांची संधी मिळावी लागते, एकदिवसीय सामन्यात वीस-वीस. तेवढे झाले नाही तर ‘निकाल नाही’ म्हणून गुण वाटून देतात. मग जो सामना गुणतक्त्यात पूर्ण मानला जात नाही, तो तिकिटाच्या हिशेबात पूर्ण कसा होतो? इंग्लंडमध्ये कसोटीच्या दिवशी १५ किंवा त्याहून कमी षटके पडली तर पूर्ण आणि तीसच्या आत राहिली तर निम्मे पैसे परत देण्याची पद्धत आहे. पाऊस तर त्यांच्याकडेही काही कमी पडत नाही. पावसासाठी आयोजकाला दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. पण त्याचा सगळा भुर्दंड एकट्या प्रेक्षकानेच का सोसायचा?

बरे, परतावा मिळतो तोही बहुतेकदा मूळ किमतीचा. तिकीट घेताना अगदी शेवटच्या पानावर उगवणारी ‘कन्व्हिनियन्स फी’ आणि तिच्यावरचा जीएसटी विक्रेत्याकडेच राहतो. सामनाच झाला नाही तर सोय कसली झाली? शिवाय पैसे जातात ते ज्याच्या खात्यातून भरले त्याच्याकडे. आमच्या सोसायटीत एकजण सगळ्या पोरांची तिकिटे काढतो, परताव्यानंतर त्याच्यामागे आठवडाभर तगादा. ज्यांनी तिकीट बाहेरून कोणाकडून घेतले, त्यांनी तर नावच काढू नये.

धावण्याच्या स्पर्धांची कथा आणखी वाईट. माझ्या भाच्याने नवी मुंबईतल्या एका दौडीसाठी नाव नोंदवले होते. परवानगी मिळाली नाही म्हणून आयोजकांनी ती आदल्या आठवड्यात रद्द केली आणि पैशांऐवजी पुढच्या वर्षीच्या नोंदणीचे कूपन देऊन तोंडाला पाने पुसली. परवानगी हातात नसताना शुल्क गोळा करायचे आणि ती नाकारली गेली की ‘प्रवेश शुल्क परत मिळणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवायचे! पावसाचे एकवेळ समजू शकतो, हे नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न करणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. एकतर्फी अटींविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, १९१५ हा मदत क्रमांकही आहे. पण चौदाशे रुपयांसाठी रजा टाकून आयोगात खेटे कोण घालणार? विक्रेत्यांनाही हे पक्के ठाऊक असते. म्हणून असंख्य ग्राहकांचे थोडेथोडे पैसे अडकतात तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्वतःहून लक्ष घातले पाहिजे. तो अधिकार त्याला आहे.

मुंबई क्रिकेट असोसिएशनने पुढच्या हंगामाची तिकिटे विक्रीला येण्याआधी आपल्या मैदानापुरता तरी ‘एक चेंडू’चा नियम बदलण्याचा आग्रह धरावा आणि निकालासाठी लागणारी षटके हाच परताव्याचा निकष ठेवावा. पोलिसांनीही बंदोबस्ताची परवानगी देताना आयोजकाकडून लेखी हमी घ्यावी: कार्यक्रम रद्द झाल्यास शुल्क आणि करासह पूर्ण रक्कम, कोणी मागितली नाही तरी, ३० दिवसांत मूळ खात्यात जमा होईल. आणि परवानगीचा कागद हाती येईपर्यंत कोणत्याही दौडीची नोंदणी सुरू करू देऊ नये.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, मुलुंड (पूर्व)