खिडक्या उघड, कुंदा

पुणे, १० ऑगस्ट

प्रिय कुंदा,

फोनवर नीट बोलता आलं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि तुझ्याकडे दारात दूधवाला. म्हणून सविस्तर लिहितेय. हे पत्र भावोजींनाही वाचायला दे, आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव.

वाईत फ्लूची साथ आलीय, शेजारच्या दोन घरांत माणसं तापाने पडलीत. मनू सातव्या महिन्यात माहेरी येतेय, तिचं डोहाळजेवण करायचंय. सासूबाईंना दमा, आणि त्यांचं मंगळवारचं भजन तुमच्याच माजघरात. एवढं सगळं सांगून तू विचारलंस की सॅनिटायझरच्या किती बाटल्या आणून ठेवू.

एक आण, दाराशी ठेव, पुरे. पण तुझी सगळी काळजी त्या बाटलीतच संपू नये असं मला मनापासून वाटतं. फ्लू असो की कोविड, हे आजार मुख्यतः श्वासातून पसरतात. आजारी माणूस शिंकला की मोठे थेंब उडतात आणि जवळच खाली पडतात, हे आपण सगळे जाणतो. पण तो नुसता बोलला, नुसता श्वास सोडला तरी त्याहून कितीतरी बारीक कण बाहेर पडतात, आणि ते लवकर खाली बसत नाहीत. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. देवघरात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने वास पार पडवीपर्यंत येतो ना, तसेच ते घरभर पसरतात. फक्त त्यांचा वास येत नाही, म्हणून आपण निर्धास्त बसून राहतो.

कोविडच्या सुरुवातीला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट भागात एक गोष्ट घडली, ती सासूबाईंना नक्की सांग. १० मार्च २०२० ची संध्याकाळ. एका गायकवृंदाची तालीम होती, ६१ माणसं जमली, बरीचशी वयस्कर. साथीच्या बातम्या येत होत्या म्हणून दाराशी सॅनिटायझर ठेवला होता, कुणी हात मिळवले नाहीत, गळाभेटी घेतल्या नाहीत. अडीच तास सगळ्यांनी मिळून गायलं. त्यांच्यातल्या एकाला आधीपासून सर्दीसारखं होत होतं. पुढच्या काही दिवसांत त्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. हात सगळ्यांचे स्वच्छ होते गं. हवा सगळ्यांची एकच होती. आणि गाताना माणूस नुसतं बोलण्यापेक्षा जास्त कण बाहेर टाकतो, श्वासही खोल घेतो.

आता तुमचं माजघर डोळ्यांसमोर आण. एक दार ओटीकडे, एक स्वयंपाकघराकडे, खिडकी नाही. वर पंखा, जो तीच हवा घुसळतो. पंधरा-वीस बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या, दोन तास टाळ आणि खणखणीत आवाज. मला ते भजन फार आवडतं, तुला माहीत आहे. म्हणून बंद करा असं मी म्हणणारच नाही. साथ ओसरेपर्यंत देवळाच्या मंडपात न्या. तीन बाजूंनी उघडा आहे, पाऊस आला तरी आत येत नाही. थोडं अंतर ठेवून बसा, आणि ज्या बाईला कणकण आहे तिने त्या मंगळवारी यायचं नाही, असं सासूबाईंनीच सांगावं. तुझं न ऐकणाऱ्या बायका त्यांचं ऐकतील.

डोहाळजेवणाचंही तेच. भावोजी एसी हॉलबद्दल बोलत होते. कुंदा, साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटात जानेवारी २०२० मध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवणाऱ्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. बाधित माणूस एकाच टेबलावर होता. खोलीला खिडकी नव्हती आणि एसीच्या झोताने हवा त्याच तीन टेबलांमध्ये फिरत राहिली. त्या मजल्यावरच्या बाकी गिऱ्हाइकांना काही झालं नाही. त्यामुळे हॉल नको. तुमचं मागचं अंगण आहे, त्यावर ताडपत्रीचा मांडव घाला, बाजू उघड्या ठेवा. झोपाळा फुलांनी सजवायला तिथेच जास्त छान जागा आहे. जेवणाची पंगत तर नक्कीच बाहेर हवी, कारण जेवताना कुणाच्याच तोंडावर मास्क नसतो.

आणि बोलावण्यातच स्पष्ट लिही : घरात कुणाला ताप, सर्दी, खोकला असेल तर कृपया फोनवरूनच आशीर्वाद द्यावेत. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. आपल्याकडे आजारी असूनही कार्याला हजेरी लावणं हे प्रेमाचं लक्षण समजतात, हीच सवय मला सर्वांत जास्त खटकते. जी मावशी चढत्या तापात दोन गोळ्या घेऊन, शालू नेसून ओटी भरायला येते तिचं प्रेम खरं असतं, पण त्यापायी पोटुशीला काय सोसावं लागतं ते मी वॉर्डात बघितलंय.

२००९ चा ऑगस्ट मी विसरूच शकत नाही. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली, देशातला तो पहिला बळी. शाळा बंद झाल्या, दुकानांतले मास्क संपले, लोक रुमालाच्या चार घड्या बांधून दुचाकीवरून फिरत होते. आमच्याकडे त्या दिवसांत एक मुलगी दाखल झाली, मनूसारखीच, सातवा संपत आलेला. ताप दोन-तीन दिवस अंगावर काढला होता. गरोदरपणात औषध कशाला, असं घरच्यांना वाटलं. उशाला कापराची पुरचुंडी बांधलेली होती, ती तिच्या सासूने इतक्या मायेने बांधली होती की आम्ही कुणी ती काढली नाही. एक वाक्य पुरं करायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. ती आणि बाळ, दोघंही सुखरूप घरी गेली. पण त्याआधीच्या त्या रात्री मी तिच्या कॉटशेजारी काढल्यात.

म्हणून मनूबद्दल दोन गोष्टी अगदी ठामपणे सांगते. पहिली, फ्लूची लस. गरोदरपणात ती देतात, मृत विषाणूपासून केलेली असते, तिच्यामुळे आईला फ्लू होण्याचा आणि झालाच तर तो गंभीर होण्याचा धोका कमी होतो. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती बाळालाही मिळते आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने उपयोगी पडते. बाळाला स्वतःची लस सहा महिन्यांच्या आधी देता येत नाही, त्यामुळे तोवर आईकडून मिळेल तीच शिदोरी. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा तिच्या डॉक्टरांना आजच विचार. सासूबाईंनाही द्या, त्यांचं वय आणि दमा दोन्ही बघता. गेल्या वर्षी घेतली होती हे चालत नाही, विषाणू बदलत राहतो, लस दर वर्षी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट, मनूला किंवा सासूबाईंना ताप आला तर ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. फ्लूवरचं ऑसेलटामिविर, ज्याला लोक टॅमिफ्लू म्हणून ओळखतात, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगला उपयोग होतो. ते डॉक्टरांनीच द्यायचं. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून परस्पर सुरू करू नकोस, विषाणूवर ते चालत नाही.

आता घराचं. माजघरात मनूची गादी घालायची नाही, कितीही ऊबदार असलं तरी. पडवीलगतची खोली दे, तिला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. आरपार वारा मिळतो ती खोली साथीत सोन्याची. पावसामुळे दोन्ही सताड उघड्या ठेवता आल्या नाहीत तरी वितभर फटी राहू देत. पाहुणे आले की पूर्ण उघड, ते गेल्यावरही थोडा वेळ तशाच ठेव. वारा पडलेला असेल तर टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लाव, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी आत येईल. आत तोंड करून लावलेला पंखा एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर नेऊन सोडतो. हवा खरंच कुठे जाते ते बघायचं असेल तर सासूबाई त्या खोलीत नसताना एक उदबत्ती लावून धुराकडे लक्ष दे. धूर सरळ खिडकीबाहेर ओढला गेला तर उत्तम. वर जाऊन आढ्याशी रेंगाळला तर त्या खोलीत माणसं बसवू नकोस. माझ्या भाच्याकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. बाहेरच्या हवेत ते साधारण ४२०-४३० दाखवतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग. दारं-खिडक्या लावून आम्ही सहा जण हॉलमध्ये गप्पा मारत बसलो तर आकडा बघता बघता हजाराच्या वर गेला, म्हणजे एकमेकांनी सोडलेला श्वासच पुन्हा घेत होतो. खिडक्या उघडल्या तसा तो झरझर उतरला.

मास्क कुठे हवा? दवाखान्यात, एसटीत, औषधाच्या दुकानातल्या गर्दीत. मनूच्या तपासणीला जाल तेव्हा दोघींनीही लावा, तिथल्या बाकांवर तापाचेच रुग्ण बसलेले असतात. एन-९५ घे, पाकिटावर आयएसआयची खूण आणि आयएस ९४७३ हा आकडा बघून. समोर झडप असलेला नको, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसव. जोरात श्वास सोडल्यावर डोळ्यांकडे हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर कुठेतरी फट आहे. भावोजींच्या दाढीवर तो नीट बसणार नाही, तेव्हा साथीपुरती दाढी काढायला सांग, माझं नाव सांग. तो धुवायचा नाही. त्याच्या आतल्या थरात विद्युतभार असतो, त्यानेच कण धरले जातात, आणि साबणपाण्याने तो जातो. दोन-तीन आलटून पालटून वापरा, मधल्या दिवसांत कागदी पिशवीत सुकू द्या. मळला, ओला झाला, दोरी सैल पडली की टाकून द्या. एन-९५ मिळाला नाही तर साधा सर्जिकल लाव, काहीच नसण्यापेक्षा बरा. पदर आणि रुमालावर भिस्त ठेवू नकोस.

हात धुणं सोडू नका. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, नाक शिंकरल्यावर, साबणाने वीस सेकंद, अंगठे आणि नखांसकट. भाज्या-फळं साध्या पाण्याने धू, कोविडमध्ये आपण दुधाच्या पिशव्या पुसत बसायचो त्याची गरज नाही. हळदीचं दूध, काढा खुशाल घ्या, घशाला बरं वाटतं, पण काढा घेतला म्हणून गर्दीत जायला हरकत नाही असं कुणी समजू नये. सासूबाईंचा पंप वेळच्या वेळी चालू राहू दे, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेणं मनूला अजिबात नको. भाजण्याच्या केसेस मी पुष्कळ पाहिल्यात.

एवढं करूनही कुणी आजारी पडलंच, तर त्याची खोली वेगळी, खिडकी उघडी. एकानेच आत जायचं, दोघांनीही मास्क लावायचा. त्याची ताटवाटी वेगळी काढून ठेवायची गरज नाही, साबणाने घासली की झालं. दाराशी उभी राहून रोज त्याच्याशी गप्पा मार. २००९ मध्ये काय किंवा २०२० मध्ये काय, शेजारी वाळीत टाकतील या भीतीने घरंच्या घरं ताप लपवून बसली, आणि लपवलेला तापच पुढे पसरला. आजारी पडणं हा गुन्हा नाही, हे तुझ्या घरात तरी कुणाला वेगळं सांगावं लागू नये. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते नंतर पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. ताप गोळीशिवाय चोवीस तास उतरलेला राहिला की मग घरात फिरू दे, पण मनूपासून आणखी काही दिवस लांबच.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, माणूस असंबद्ध बोलायला लागला, ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा ताप उतरून बरं वाटत असताना पुन्हा जोरात चढला आणि खोकला वाढला, तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. मनूच्या बाबतीत बाळाची हालचाल कमी वाटली तरीसुद्धा. गाडी कुणाची, चालवणार कोण, हे आजच भावोजींशी बोलून ठरवून ठेव. १०८ नंबर फोनजवळ लिहून ठेव.

भाचा शनिवारी महाबळेश्वरला जातोय, त्याच्याबरोबर मास्कचं एक पाकीट आणि ऑक्सिमीटर पाठवतेय. तो आत येणार नाही, दारातच देईल, त्याला चहा अंगणात दे. मनूच्या डॉक्टरांनी लशीचं काय सांगितलं ते मला लगेच कळव. भजनाची जागा बदलायला सासूबाई तयार नसतील तर मंगळवारच्या आत मला फोन लावून त्यांच्या हातात दे, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
वासंती